फोन वाजला नाही म्हणजे काम आहे

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात एकही शब्द वाढवलेला नाही. उलट दोन-चार गाळलेच असतील.

हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलं. इफी तिचं नाव.

तारीख अकरा फेब्रुवारी १९८६. मंगळवार. जागा कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरचं आमचं गाव, खाडीच्या तोंडाशी बिलगलेली सत्तर घरं. वेळ मध्यरात्रीची नव्हे, सकाळची. आणि अंधार होता, पण काळा नव्हता.

पांढरा होता.

गावात कारखाना एकच, मासळीचा. गोठवलेली कॉड आणायची, वितळवायची, चिरायची, काटे काढून खोक्यांत भरायची. चोवीस माणसं कामाला. मीही त्यातलीच, तेव्हा बावीस वर्षांची. आत्या आमची मुकादम.

वादळामुळे कारखाना बंद ठेवायचा असला, की निरोप द्यायची आमची एक रीत होती. तिला आम्ही साखळी म्हणायचो. पहाटे पाचला मुकादमाकडून यादीतल्या पहिल्या माणसाला फोन जायचा. पहिल्याने दुसऱ्याला करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. शेवटच्याने उलटा मुकादमाला फोन करून सांगायचं, "साखळी पुरी." म्हणजे सगळ्यांना कळलं. ज्याने त्याने परत पांघरुणात शिरावं.

आणि फोन वाजलाच नाही तर?

तर काम आहे.

आमच्याकडे शांततेचा अर्थ एकच होता... या.

आदल्या दिवशी दुपारी जेवणाच्या खोलीत याच गोष्टीवरून वाद पेटला होता. रेडिओवर सकाळपासून वादळाचा इशारा चालू होता. डब्यांतली माशांची वडी थंड होत होती आणि माणसं तापत होती.

"उद्या बंद ठेव, हेक्टर," अलेक म्हणाला. रोरीच्या डॅनचा अलेक, बाप-आज्याच्या नावाने ओळखायची आमची रीत. साठी उलटलेला, साखळीतला पहिला माणूस. "माझा डावा गुडघा सांगतोय."

"तुझ्या गुडघ्याला मी पगार देत नाही," हेक्टर म्हणाला. कारखाना त्याचा.

"मला तरी कुठे देतोस धड?"

सगळे हसले. हेक्टर हसला नाही.

"वीस टन मासळी वितळायला काढलीय. उद्या चिरली नाही तर कुजेल."

"मासळी मेलेलीच आहे, मालक," रीटा म्हणाली. तिचं तोंड तिच्या सुरीपेक्षा धारदार. "आम्ही अजून जिवंत आहोत."

"तुम्हाला बोलायला काय जातंय?" हे बर्निसने म्हटलं, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण बर्निस कधी बोलायची नाही. दोन मुलं आणि अंथरुणाला खिळलेली सासू, एवढा संसार एकटीवर. "बंद म्हणजे बिनपगारी. माझे दोन शिक्के कमी आहेत अजून. आठवडा अर्धा राहिला की तो शिक्काही गेला. मग उन्हाळ्यापर्यंत पोरांना काय घालू, बर्फ?"

शिक्क्यांचं दुखणं आम्हा सगळ्यांनाच होतं. कामाच्या प्रत्येक आठवड्याला एक शिक्का. ठरलेले शिक्के जमले, तरच काम नसलेल्या महिन्यांत सरकारी भत्ता.

"अगं, पण मेलेल्या बाईला शिक्का मारतात का कुठे?" रीटा म्हणाली.

"मार्सेलाच्या वेळीही हेच बोलणं झालं होतं," अलेक हळूच म्हणाला.

रीटाने डब्याचं झाकण लावलं.

नळ तेवढा ठिबकत होता. थेंब. थेंब.

मार्सेला आठ वर्षांपूर्वीच्या अशाच एका वादळात गेली. त्या पहाटे हेक्टरने कारखाना बंद केला होता, साखळीही फिरली होती. तरी मार्सेला कामाला निघाली. फाटकाला कुलूप पाहून मागे वळली असावी. दोन दिवसांनी बर्फ उपसताना सापडली, फाटकापासून चाळीस पावलांवर. हातात डबा तसाच होता.

तिला निरोप कसा पोचला नाही, हे कुणालाच कळलं नाही.

एकीला सोडून.

यादीत मार्सेलाच्या आधीचं नाव होतं इफीचं; तेव्हा ती अजून मुकादम झाली नव्हती.

त्या पहाटे इफीने मार्सेलाला फोन लावला होता. वाजला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. अशा वेळी पुढच्या माणसाला कळवायचं, साखळी तुटू द्यायची नाही, आणि मग राहिलेल्याला पुन्हा लावायचा, ही रीत. इफीने पुढच्याला कळवलं. मग शेगडीत लाकूड सरकवलं आणि उबेला टेकली, घटकाभर.

डोळा लागला.

उठली तेव्हा नऊ वाजले होते.

आठ वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. मार्सेलाच्या नवऱ्याला, नीलला, तर नाहीच. तो चर्चमध्ये दिसला की ती शेवटच्या बाकावर जाऊन बसायची.

जेवणाच्या खोलीतून सगळे उठले तेव्हा हेक्टरने तिला दाराशी गाठलं.

"इफी, तुझ्या घरातून खाडी दिसते. उद्या पहाटे तूच बघ. तुला वाटलं बंद, तर बंद. पण मग ट्रक रिकामा परत जाईल, आणि पुढच्या महिन्यात निम्म्यांना घरी बसवावं लागेल. तेही तूच सांग त्यांना."

"म्हणजे दोन्हीकडून मीच?"

"मुकादम कोण आहे?" हेक्टर म्हणाला आणि टोपी चढवून गेला.

पहाटे पावणेपाचला इफीने पडदा सरकवला.

वारा पडला होता.

बर्फ थांबलेला. खाडीत तरंगत आलेले हिमाचे तुकडे एकमेकांना टेकून स्वस्थ पडले होते, गोठ्यात गुरं बसावीत तसे. दोन-चार चांदण्याही होत्या.

तिने फोनवर हात ठेवला.

डोळ्यांपुढे बर्निसची पोरं आली. रिकामा ट्रक आला. निम्म्या माणसांची नावं आली.

मार्सेलाही आली. पण बाहेर इतकं शांत होतं...

तिने हात काढून घेतला.

फोन केला नाही. म्हणजे काम होतं.

सहाला ती कारखान्यात पोचली. बॉयलर पेटवला, चहाचं भांडं चढवलं, सुऱ्या मांडल्या. पाळी सातची.

साडेसहाला वारा फिरला.

हळूहळू नाही. कुणी दार लाथेने उघडावं तसा. आग्नेयेकडून आला तो थेट भिंतीवर आदळला, आणि पत्र्याचं छप्पर विव्हळलं. इफी खिडकीशी धावली.

फाटक दिसेना. अंगणातला दिवा दिसेना. खिडकीच्या काचेला कुणी आतून चुना फासलाय की काय, असं वाटत होतं.

पांढरं. नुसतं पांढरं.

आणि त्या पांढऱ्यात तेवीस माणसं घरातून निघालेली असणार. तिने फोन केला नाही म्हणून.

सात वाजले. कुणी नाही.

सव्वासात. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या. रबरी बूट ओळीने उभे, पावलांची वाट बघत.

साडेसात... कुणीही नाही.

एक उशिरा येईल, दोन येतील. तेवीसच्या तेवीस? ती हेक्टरच्या खोलीत गेली आणि रीटाचा नंबर फिरवला. रीटा यादीत शेवटून दुसरी. घंटी वाजत असताना ती पुटपुटत होती, "घरी अस गं. घरी अस."

"काय गं?" रीटाचा झोपाळलेला आवाज आला.

"रीटा! तू निघाली नाहीस?"

"निघू कशाला? बंद म्हणालात ना? पाचला साखळी आली. तुझ्या भाचीलाही आली. सगळ्यांना आली."

"...आली?"

"म्हटलं, हेक्टरला देवाने अक्कल दिली एकदाची. इफी? ऐकतेयस ना? तूच सुरू केलीस ना साखळी?"

इफीने टेबलावरची यादी जवळ ओढली.

"मग तू कारखान्यात काय करतेयस, बाई?"

"रीटा, तुझ्यानंतर बर्निस. तिला सांगितलंस?"

"लावला होता. उचलला नाही तिने."

"मग?"

"मग... मग मी चहा ठेवला." रीटाचा आवाज बारीक झाला. "पुन्हा लावणार होते गं. खरंच लावणार होते."

इफीने फोन ठेवला. बर्निसच्या घरी लावला. वाजत राहिला. वीस वेळा, तीस वेळा. पोरं लहान, सासू खाटेवर, उचलणार कोण? बर्निस घरी नव्हती. म्हणजे साखळी पुरी झाली नव्हती.

तेवीस माणसांपैकी एक बाहेर होती. त्या पांढऱ्यात.

मग तिने अलेकला लावला. तो पहिला. साखळी सुरू झाली असेल तर त्याच्यापासूनच.

"अलेक, पाचला तुला फोन कुणी केला?"

"तू नव्हतीस?"

"मी नव्हते."

तारेत खरखर होत होती.

"मलाही आवाज तुझा वाटला नाही. पण बाईचा होता. लांबून बोलल्यासारखा. म्हटलं, तुला सर्दी झालीय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली... फाटकाला कुलूप आहे, येऊ नकोस. पुढच्याला सांग."

"आणखी?"

"आणखी काही नाही. मागे वारा होता. खूप वारा." अलेक थांबला. "इफी... पाचला वारा नव्हता गं."

कट्.

तार तुटली होती. फोन मेला.

इफी तिथेच उभी राहिली. भीतीने नव्हे, असं ती मला नेहमी सांगायची. "भ्यायला फुरसत कुठे होती? बर्निस बाहेर होती."

बॉयलरच्या खोलीत वाफेचा भोंगा होता. लाकडी मुठीची लोखंडी दांडी खाली ओढली की तो वाजायचा. सोडली की बंद. इफीने दांडी ओढली. भोंऽऽ... सोडली. दहा मोजले. पुन्हा ओढली. बर्निस रस्त्यावर असेल तर आवाजाच्या दिशेने येईल. एकेक भोंगा म्हणजे हाक होती.

पंधरा मिनिटं. वीस मिनिटं. खांदा भरून आला. दाराकडे कान लावून ती प्रत्येक भोंग्यानंतर ऐकायची.

वारा. फक्त वारा.

मग एकदा... वाऱ्याच्या खाली, अगदी तळाशी, काहीतरी ऐकू आलं. "ओ..." असं काहीतरी. फाटकाच्या बाजूने. पुन्हा आलं तेव्हा लांब गेलेलं होतं. चुकीकडे. खाडीकडे.

इथे माझी आत्या अडकली.

भोंगा वाजवायचा तर दांडीपाशी राहायला हवं. बर्निसला आणायचं तर बाहेर जायला हवं. दांडी बांधून ठेवली तर वाफ एका दमात संपेल.

तिने शेवटचा एक लांब भोंगा दिला. मग जाळ्यांच्या ढिगातून दोर ओढला, एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं कमरेला, आणि दार उघडलं.

बाहेर पाऊल टाकलं आणि जग संपलं. वर-खाली राहिलं नाही. स्वतःचा हात दिसेना. ती गुडघ्यांवर बसली आणि रांगायला लागली. मासळी चिरताना आमच्याकडे बायका एक गाणं म्हणायच्या, हात एका लयीत चालावेत म्हणून. रांगता रांगता ती तेच म्हणत होती, दातांवर दात आपटत:

*वाऱ्या रे बापा, घे माझा शेला,*
*आणून दे दारी, माणूस जो गेला.*

दहा हात. वीस हात. "बर्निस!" आवाज तोंडातून निघाला की वारा परत घशात कोंबत होता. तीस हात. आता कारखाना कुठे, खाडी कुठे...

भोंऽऽऽ.

इफी जागच्या जागी गोठली.

मागून. कारखान्यातून.

आत कुणी नव्हतं.

तिने मोजलं. एक, दोन, तीन... सात, आठ, नऊ, दहा.

भोंऽऽऽ.

बरोबर दहा. एक कमी नाही, एक जास्त नाही.

"मागे बघितलंस का गं?" मी तिला विचारायची.

"नाही," ती म्हणायची. "बघितलं असतं तर पुढे गेले नसते."

ती पुढे रांगली. दर दहाला भोंगा. दोर ताणला गेला, संपत आला, तेव्हा तिचा हात कापडाला लागला. बर्निस मिठाच्या जुन्या कोठाराच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. भुवयांवर बर्फ. डोळे उघडे, पण झोपाळलेले. आणि या बाईच्या चेहऱ्यावर हसू होतं. गोठणाऱ्या माणसाला शेवटी ऊब वाटते म्हणतात, तसलं हसू.

इफीने तिच्या दोन थोबाडीत दिल्या. "ऊठ! ऊठ, रांडे, तुझी पोरं वाट बघतायत!"

तेवढ्याने उठली.

दोघी दोर धरून मागे निघाल्या. बर्निसची बोटं वळत नव्हती, म्हणून इफीने तिचं मनगट आपल्या पट्ट्यात खोचलं. प्रत्येक दहा आकड्यांनी भोंगा वाजत होता आणि त्या त्याच्याकडे ओढल्या जात होत्या, गळाला लागल्यासारख्या.

उंबरठ्यावर हात पडला.

आणि भोंगा थांबला.

अकरा. बारा. तेरा... पुन्हा वाजला नाही.

इफी बॉयलरच्या खोलीत गेली. खोली रिकामी. बाहेर जायचं दुसरं दार नाही, खिडकी नाही. बॉयलर रसरसलेला, खोलीत घाम फुटेल अशी ऊब.

दांडीची मूठ... बर्फाने मढली होती.

मधे चार बोटांची जागा तेवढी कोरडी.

बर्निसला तिने बॉयलरला टेकवून बसवलं, कोमट चहात काकवी घालून घोट घोट पाजला. तासाभराने बर्निसच्या ओठांत रक्त आलं. वादळ अजून छपरावर नाचत होतं.

"छान वाजवत होतीस भोंगा," बर्निस म्हणाली. "गाडी चर्चपाशी रुतली. मग चालले. त्या आवाजावर तर इथवर आले."

इफीने कप पुन्हा भरला. तिने विचारलं, "रीटाने फोन केला होता तुला."

बर्निस कपात बघत राहिली.

"बर्निस, पाचला घरी नव्हतीस?"

"होते."

"मग?"

"वाजत होता. मी त्याच्यासमोर उभी होते." तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "निरोप न मिळता कामावर आलेल्या माणसाला, दार बंद असलं तरी अर्धा दिवस भरून द्यावा लागतो. तसा नियमच आहे ना? माझा आठवडा अर्ध्या दिवसाने वाचत होता, इफी. उचलला असता तर कळलं असतं. कळलं असतं तर दिवस गेला असता."

इफीच्या हातातला चमचा खाली पडला.

आठ वर्षं तिने एकच फोन कानांत वाजवत ठेवला होता. तो पलीकडे कसा वाजत असेल, हे तिच्या मनात कधीच आलं नव्हतं.

वादळ बुधवारी ओसरलं. बर्निसची दोन बोटं गेली, जीव राहिला. इफीने मात्र पुढे दोन महिने कुणाशी धड बोलणं टाकलं. एप्रिलमध्ये खाडीतला बर्फ फुटून समुद्राकडे निघाला, त्या दिवशी दुपारी ती नीलच्या दारात उभी राहिली.

नीलने तिला आत घेतलं. ओटची बिस्किटं काढली, चहा ओतला. उन्हाने स्वयंपाकघर भरलेलं होतं. इफीने एका दमात सगळं सांगून टाकलं. फोन, शेगडी, झोप, नऊ वाजले ते.

"दुसऱ्यांदा लावला असता तर ती वाचली असती, नील."

नीलने मान हलवली. कितीतरी वेळ तो कपाच्या कानाशी खेळत होता.

"घरातच होतो आम्ही दोघं," तो म्हणाला. "फोन वाजला. मी उठलो. तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, राहू दे. अर्धा दिवस मिळतोय. तू दुसऱ्यांदा लावला असतास, तर दुसऱ्यांदा म्हणाली असती."

"आणि तू...?"

"मी राहू दिला." त्याने भिंतीवरच्या फोनकडे पाहिलं. "मीही आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही."

बाहेर बर्फाचे तुकडे करकरत समुद्राकडे चालले होते.

"वादळाच्या पहाटे अजून वाजतो," नील म्हणाला, जसं काही हवापाण्याचं बोलत होता. "बरोबर पाचला. मी उचलत नाही. तिने नको म्हटलं होतं ना."

आणि तेव्हा...

भर दुपारी, लख्ख उन्हात, फोन वाजला.

नील हलला नाही. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "राहू दे, इफी."

फोन वाजत होता. पाच वेळा. सहा वेळा.

इफी उठली आणि तिने तो उचलला.

ती ऐकत राहिली. मिनिटभर असेल, दोन मिनिटं असतील. नीलने मला नंतर सांगितलं, की तिच्या कानापाशी केस हलत होते. खिडकी बंद असताना.

मग ती एवढंच म्हणाली, "हो. सांगते."

आणि फोन ठेवला.

नीलच्या घरून ती सरळ कारखान्यात आली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, मी टेबलावर काटे काढत होते. ती कुणाशी बोलली नाही. हेक्टरच्या खोलीत गेली, दार लावलं. आरडाओरडा होईल म्हणून आम्ही सुऱ्या थांबवल्या.

काही ऐकू आलं नाही.

पाच मिनिटांनी आत्या बाहेर आली आणि एप्रन बांधायला लागली. हेक्टर संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी फलकावर त्याच्या अक्षरातला कागद लागला. वादळाचा सरकारी इशारा आला की कारखाना बंद. त्या दिवसाचा पगार पुरा, शिक्काही पुरा. कुणीही घरातून निघू नये.

रीटा म्हणाली, "याला ताप आलाय का?" कुणी हसलं नाही.

पुढच्या जानेवारीत वादळ आलं. त्याच्यापुढे आधीची सगळी पोरखेळ वाटावीत असं. तीन दिवस चाललं. कारखान्याचं अर्धं छप्पर उडून मासळीच्या टेबलांवर कोसळलं, सकाळी दहाच्या सुमाराला, ऐन कामाच्या वेळी.

आत कुणी नव्हतं.

आत्या जाऊन आता अकरा वर्षं झाली. मला तिने सगळं सांगितलं, कितीदा तरी. पण नीलच्या घरी फोनवर काय ऐकलं, ते विचारलं की ती उठून शेगडीशी जायची.

हेक्टर अजून आहे. वृद्धाश्रमात असतो, पंच्याऐंशीचा झालाय. गेल्या नाताळात मी त्याला बिस्किटं द्यायला गेले आणि मनाचा हिय्या करून विचारलं. आत्याने त्या दिवशी तुला काय सांगितलं?

मला वाटलं, विसरला असेल.

"नावं," तो म्हणाला.

"कसली नावं?"

"तिने फक्त नावं सांगितली. एकामागून एक. सात होती." त्याचे ओठ कापत होते. "म्हणाली, छपराखाली सापडतील त्या क्रमाने सांगतेय."

खोलीतला हीटर चालू होता. तरी मी कोट अंगाभोवती ओढून घेतला.

"हेक्टर," मी विचारलं, "त्यात माझं होतं?"



त्याने फक्त माझा हात धरला. भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली, नर्स येऊन दोनदा सांगून गेली...

तरी त्याने सोडला नाही.